इंजिनात तांदूळ नव्हता

अण्णा,

तुमची गाडी चालू झाली. तुम्हाला आनंद व्हावा म्हणून हे लिहीत नाही. तुम्हाला आनंद होईल असं वाटलं असतं तर मी ती तशीच राहू दिली असती.

नगऱ्यातल्या, रेल्वेच्या वस्तीतल्या, घरामागची शेड अजून आहे. रेल्वेच्या जुन्या स्लीपरांचे खांब रोवून तुम्ही वर पत्रा घातला होतात. पत्रा गळायला लागला म्हणून मी बदलला, खांब तेच आहेत. मे महिन्यात त्यांना अजून डांबराचा वास सुटतो. गाडी ताडपत्रीखाली होती. तुम्ही गेल्यावरही ती कुणी उघडली नाही. ती उघडायची नाही असं तुम्ही ठरवलं होतं, आणि या घरात तुम्ही ठरवलेलं तुमच्या मरणाने मोडत नसे. मागच्या सीटमध्ये घुशींनी पिलं घातली. टायर मातीत बसून चपटे झाले. मी रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले तेव्हा मनात पहिलं आलं ते हे, की ही भंगारात काढावी आणि तिथे लिंबाचं झाड लावावं.

कबाडीवाला आला. त्याने मडगार्डवर बोटाच्या पेरांनी वाजवून पाहिलं आणि खूश झाला. "अम्माजी, लोहा बढ़िया है. आज ही उठा लेंगे." आई दाराशी खुर्ची टाकून उन्हात बसली होती. तिला आता उठताना आधार लागतो. ती आधाराशिवाय उठली, शेडमध्ये आली आणि ताडपत्रीवर हात ठेवून उभी राहिली.

"नहीं भैया. ये बिगड़ी हुई है."

तो हसला. "अम्माजी, बिगड़ी हुई ही तो ले जाते हैं हम लोग."

आई माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, "माझ्या हातून बिघडलेली वस्तू दुसऱ्याच्या दारात नको. त्यांचा जीव होता तिच्यात." कबाडीवाला हात हलवत गेला. मी तिला खुर्चीवर नेऊन बसवलं. एवढी वर्षं मी समजत होते की ती ते विसरली असेल, निदान त्याला धार उरली नसेल. त्या दिवशी मी ठरवलं की इंजिन उघडायचं. गाडी चालवायची नव्हती. तिला दाखवायचं होतं की गंजलेल्या लोखंडाशी तिचा काही संबंध नाही. मला तेव्हा पुरावा माहीत नव्हता. फक्त तुम्ही माहीत होतात.

गाडी बबीन्याहून आली तो दिवस मला आठवतो. छावणीतला कुणी साहेब बदलून गेला होता आणि त्याची ही विलायती गाडी एका व्यापाऱ्याच्या गोदामात धूळ खात राहिली होती. तुम्ही ती दोरखंडाने ट्रकच्या मागे बांधून आणलीत. स्वतः स्टिअरिंगवर बसला होतात, आणि गल्लीत शिरताना तो रबरी फुग्याचा हॉर्न दाबत होतात. गाडीचं तेवढंच एक अंग जिवंत होतं. समोरचे पानवाले म्हणाले, "पंडितजी, बोलत तो है, चलत नइयाँ?" सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही वर्कशॉपमधले बेअरिंग ओतणारे मिस्त्री होतात. वॅगनच्या चाकांची बेअरिंगं तुमच्या हाताने ओतलेली असली की फोरमन ती पुन्हा तपासत नसे, हे सगळ्या नगऱ्याला ठाऊक होतं. तुम्ही म्हणालात, "चलेगी."

मग गाडी घरात शिरली. आधी आईची परात गेली. तुम्ही तिच्यात रॉकेल ओतून सुटे भाग धुवायला घेतलेत. आईने विचारलं, "अहो, कणीक कशात मळू?" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "ताटात मळ. पंगत बसायची आहे का?" तिने ताटात मळली. परातीतला वास भिंतीतून, फडक्यातून, तुमच्या हातातून स्वयंपाकघरात येत राहिला आणि पोळ्यांना रॉकेलची चव लागली. धाकटीने, माझ्या बहिणीने, घास बाहेर काढला. तुम्ही तो तिला पुन्हा तोंडात घालायला लावलात. "रॉकेलने कोणी मरत नाही." खरंच कोणी मेलं नाही. मग शेगडी गेली, कारण बेअरिंगात ओतायचा मऊ धातू, व्हाइट मेटल, वितळवायला निखारे हवेत. ज्या दिवशी तुम्ही धातू वितळवायचात त्या दिवशी आम्ही चुरमुरे खायचो आणि आई स्वयंपाकघराच्या खिडकीतून तुमची शेगडी मोकळी होण्याची वाट पाहायची. मीही त्याच खिडकीतून पाहायचे. चमच्यातून चांदीसारखी धार पडायची. ती मध्ये तुटू द्यायची नसते, हे मी तिथून शिकले. तुम्ही शिकवलं नाहीत.

तुम्ही शिकवलंत ते दुसरंच. एकदा ओट्यावर पिस्टन वाळत ठेवला होता. मी तो उचलला. तो मला वाटला त्यापेक्षा हलका होता आणि मी तो फिरवून आतून पाहत होते. तुम्ही तो माझ्या हातातून काढून घेतलात आणि जिथे माझी बोटं लागली होती तिथे फडक्याने पुसलात. ओरडला नाहीत. तुम्ही क्वचितच ओरडायचात. "मुलींच्या हाताला घाम असतो. गंज चढतो," एवढंच म्हणालात. मी तळहात उघडून पाहिले. ते कोरडे होते. तुमच्यानंतर अनुकंपेवर मला तुमच्याच वर्कशॉपमध्ये नोकरी मिळाली, ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर म्हणून. ट्रेसिंगचं कापड पाण्याच्या एका थेंबाने आकसतं, घामाचा डाग पडला की शाई धरत नाही. सगळी नोकरी मी त्या कापडावर हात टेकवून केली. माझ्या हाताने एकही कापड खराब झालं नाही. हे मी तुम्हाला कधीतरी सांगणार होते. सांगायला तुम्ही नव्हता, आणि असतात तरी ऐकलं नसतंत.

आता खंडेनवमी. ती मला जशी दिसते तशी लिहिते.

शेडमध्ये पाट मांडला आहे. पाटावर तुमचे पाने, हातोड्या, कानशी, आणि कडेला आईची विळी, कारण तिचंही ते हत्यारच. गाडीला झेंडूची माळ आहे. तुम्ही धुतलेलं धोतर नेसला आहात आणि बॉनेट उघडून ठेवलं आहे. आई ताट घेऊन येते, गाडीच्या पुढच्या दिव्यांच्या मधे पत्र्यावर हळद-कुंकू लावते, अक्षता वाहते. तुम्ही म्हणता, "पत्र्याला काय वाहतेस? देव आत आहे. इंजिनाला वाहा." आई एकदा तुमच्याकडे पाहते. मग मूठ भरून अक्षता इंजिनावर टाकते, भक्तीने, जशी बाई देवावर टाकते. तुम्ही हात जोडता. मग पुढे जाऊन हँडल फिरवता. पहिल्यांदा काही नाही, दुसऱ्यांदा काही नाही, मग ती खोकते आणि चालू होते. गल्ली गोळा झाली आहे. पानवाले टाळ्या वाजवतात. आम्ही तिघी मागे बसतो, आईच्या मांडीवर नारळ आहे, लक्ष्मी तालावर, तळ्याकाठच्या महालक्ष्मीला जायचं आहे. आई हसते आहे. मी तिला तसं हसताना पाहिलेलं नाही, आणि ते मला इतकं नवं वाटतं की मी रस्त्याकडे न पाहता तिच्याकडेच पाहते.

गल्लीच्या टोकाशी खालून टकटक ऐकू येते. मग लोखंडावर लोखंड ओरडतं आणि गाडी थांबते. तुम्ही उतरता. हँडल हलत नाही. तुम्ही बॉनेट उचलता, वाकता, आणि हवा आत जाते त्या नळीच्या तोंडाशी अडकलेला एक तांदूळ दोन बोटांत धरून वर काढता. तो कुंकवाने लाल आहे. तुम्ही म्हणता, "हिने मारली गाडी." आम्हाला कळलं होतं तेवढ्यावर. पण गल्लीला मराठी कळत नव्हती. म्हणून तुम्ही लोकांकडे वळलात आणि पुन्हा हिंदीत सांगितलंत, "इन्होंने चावल डाल दिए मशीन में."

ते भाषांतर मी तुम्हाला माफ करू शकत नाही. मराठीत जे झालं ते घरात राहिलं असतं. तुम्ही ते मुद्दाम दाराबाहेर नेलंत. गाडी ढकलत परत आणली तेव्हा आई मागून चालत होती, हातात नारळ. नंतर कित्येक महिने ती नळावर गेली की कोणीतरी म्हणे, "भाभी, हमाई साइकिल पे चावल न छिड़कियो, चलत-चलत रुक जैहै." ती त्यांच्याबरोबर हसे.

त्या हिवाळ्यात तुम्ही शेडचं दार आतून लावून काम करत होतात. आई जेवणाचं ताट उंबऱ्याशी ठेवून यायची. मग एका रविवारी तुम्ही ताडपत्री घातलीत, कडा दोरीने आवळल्यात आणि हात धुताना म्हणालात, "आता तिला कोणी हात लावायचा नाही. गेली ती." आईने साबण पुढे केला. मला वाटलं होतं की तुम्ही हरलात. मला तुमची थोडी दयाही आली होती. ती मी परत घेते.

कारण आता मी खालचा तळ काढला आहे, ज्यात इंजिनाचं तेल साठतं तो. त्याला दिवस लागले, बोल्ट गंजाने बसले होते. आत तेलाचं डांबर झालं होतं. तांदूळ नव्हता. सिलिंडर उघडले, पिस्टन काढले, बॅटरी लावून प्रत्येक भिंत पाहिली. एक ओरखडा नाही. मग पिस्टनच्या दांड्यांची खालची टोकं, जिथे ती शाफ्टला धरतात, ती सोडवली. तिसरं बेअरिंग वितळून शाफ्टला चिकटलं होतं. त्याच्या शेजारचं हातात घेतलं आणि मला ओळखू आलं. तुमचंच काम. आरशासारखं. आणि त्यात भोक नव्हतं.

मी वॅगनच्या ॲक्सलबॉक्सचं, आसाच्या टोकाला बसणाऱ्या पेटीचं, ड्रॉइंग इतक्यांदा उतरवलं आहे की डोळे मिटून काढीन. बेअरिंग वर बसतं, खाली तेलात भिजलेली गादी असते, तेल खालून चढतं. त्या बेअरिंगला भोक नसतं, लागत नाही. मोटारीच्या बेअरिंगला लागतं, नाहीतर तेल आत जायला वाट नाही. ओतण्याआधी ते, धातू आत शिरू नये म्हणून, मातीने बुजवायचं आणि नंतर ड्रिलने उघडायचं. तुम्ही बुजवलंत आणि वॅगनच्या सवयीने विसरलात. हजारो चाकं ज्यांच्या हातावर चालली त्यांच्या हाताने हे केलं. ड्रॉइंग ऑफिसात म्हातारे लोक मला तुमच्यानंतरही सांगत असत, "बिटिया, तुम्हारे पिताजी का हाथ गलती नहीं करता था." चूक झाली, ती होऊ शकते. मी त्यावर पत्र लिहिलं नसतं.

पण पहिल्या बेअरिंगला भोक होतं, अण्णा. ते नंतर पाडलेलं होतं. कडा स्वच्छ होत्या, तेलाचा काळेपणा त्यांना लागला नव्हता. म्हणजे त्या हिवाळ्यात तुम्ही ते उघडलंत, पाहिलंत, ड्रिल हातात घेतलंत आणि एक भोक पाडलंत. मग थांबलात. बाकीची तशीच बसवलीत, नटांना नव्या पिना घातल्यात, तळ लावलात आणि ताडपत्री आवळलीत. मी बराच वेळ शेडमध्ये बसून विचार केला की तुम्ही का थांबलात. उत्तर अवघड नव्हतं. गाडी दुरुस्त झाली असती तर काय दुरुस्त केलं ते गल्लीने विचारलं असतं. आईनेही विचारलं असतं. ती बंद राहिली तरच आई दोषी राहणार होती. जिच्यात तुमचा जीव होता ती गाडी तुम्ही एवढ्यासाठी कुजू दिलीत.

आणि तुम्ही आईकडे पाहत होतात, त्या सगळ्या वर्षांत. तिने अक्षता वाहणं सोडलं नाही, ते तिला जमलं नसतं. तिने टाकणं सोडलं. देवावरही ती एकेक दाणा चिमटीने ठेवायची, जणू देव बंद पडेल. धाकटीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू होती, सगळा मांडव अक्षता टाकत होता, आणि मुलीची आई मूठ मिटून उभी होती. शेवटी तिने ते तांदूळ पदराच्या टोकाला बांधले. धाकटीच्या सासूने ते पाहिलं आणि मग जन्मभर ऐकवलं, "हिच्या आईनेच अक्षता टाकल्या नाहीत." तुम्ही तिथे उभे होतात, आईच्या शेजारी. तुमच्या मुठीतून तांदूळ सुटत होते. तुम्हाला ठाऊक होतं.

मी बेअरिंग पुसून आईकडे नेलं. ती मेथी निवडत होती.

"हे बघ. इथे भोक हवं होतं. तेलाला वाट नव्हती म्हणून गाडी बंद पडली."

"कोणी बुजवलं?"

"अण्णांनी. चुकून."

"आणि तांदूळ?"

"एकही नाही."

तिने तुकडा हातात घेतला, अंगठा फिरवला. "जळून गेले असतील. तांदळाची राख कुठे सापडायची."

"आई, आत कसलीही खूण नाही. आणि त्यांना कळलं होतं. त्यांनी नंतर उघडून पाहिलं होतं."

तिने मेथीची एक जुडी पुरी निवडली. मग विचारलं, "कधी? धाकटीच्या लग्नाआधी की नंतर?"

"आधी. बरंच आधी."

"मग लग्नात तरी सांगायचं होतं," ती म्हणाली. बेअरिंग तिने मेथीच्या देठांवर ठेवून दिलं. त्यानंतर ती यावर बोललेली नाही. मला वाटलं होतं ती रडेल, किंवा तुम्हाला शिव्या देईल. शिव्या देण्याचं काम मग मी घेतलं.

गाडी चालू करायची हे त्या दिवशी ठरलं. शाफ्ट ग्वाल्हेरहून घासून आणला. टायर, तारा, नळ्या जिथून मिळाल्या तिथून जमवल्या, सीटवर साधं कापड घातलं. बेअरिंगं मी ओतली. तुमचाच चमचा वापरला, शेगडी मात्र वेगळी घेतली. या खंडेनवमीला आईने पाट मांडला. ताट घेऊन ती गाडीसमोर आली आणि थांबली. "झाकण बंद आहे ना?" तिने विचारलं. मी म्हटलं, बंद आहे, आणि उघडं असतं तरी काही झालं नसतं, टाक तू, खुशाल टाक. तिने चिमटीने एकेक दाणा बॉनेटवर ठेवला. मग मी हँडल फिरवलं. आम्ही दोघी लक्ष्मी तालापर्यंत गेलो आणि परत आलो. वाटेत ती खालून येणाऱ्या आवाजाकडे कान लावून बसली होती. परत येऊन मी इंजिन बंद केलं तेव्हा तिने मांडीवरचे हात सोडले. एवढीच तिची सुटका मला करता आली. बाकीची तुमच्याकडे होती, आणि ती तुम्ही बरोबर नेलीत.

या घरात हे पत्र वाचू शकेल असं आता एकच माणूस आहे, आई, आणि तीही ते वाचणार नाही. त्याला कारण आहे.

चारही बेअरिंगं ओतून झाल्यावर मी ती निळा रंग लावून, जिथे तो उमटेल तिथे खरवडून शाफ्टला बसवत होते. शेवटचं इतकं सुरेख आलं की मी ते उजेडात धरून फिरवत राहिले. सगळीकडून सारखं, गुळगुळीत, कुठे डाग नाही. मी ते बसवलं आणि नट आवळायला घेतला, तेव्हा लक्षात आलं. मातीने बुजवलेलं भोक मी उघडलं नव्हतं. मी. सगळं ठाऊक असताना. इतक्या स्वच्छ पृष्ठभागात एक भोक हवं हे डोळ्यांना सुचलंच नव्हतं.

नट सोडवून ड्रिल घेण्याआधी मी एक केलं. दाराकडे पाहिलं. आई खुर्चीत होती, मान छातीवर आलेली, झोपली होती. मला बरं वाटलं. मग भोक पाडलं.

तिला अजून सांगितलेलं नाही.